छाट

निपाणीच्या बाजारामागं, जुन्या वखारीला लागून
एक पत्र्याची शेड होती. तिथं अकरा वर्षं
टेबलापाशी बसलो मी, चेकर म्हणून.
चार वाजता बाया सुपं घेऊन यायच्या.
मी कट्टा उचलायचो, दाबायचो, नाकाशी न्यायचो,
आणि हजारातल्या ऐंशी-नव्वद विड्या
बाजूला सारायचो: छाट.
खरंच वाईट असायच्या बारा, फार तर पंधरा.

किती काढायच्या, हे रायगोंडा मालकांनी
कधीच सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी विचारायचे, "आज छाट किती?"
आकडा मोठा असला की चहा सांगायचे,
लहान असला की चष्मा पुसत राहायचे.
त्या पुसायच्या फडक्याचा रंग पिवळा होता.

छाट मागच्या खोलीत जायची.
रात्री तिचेच पुन्हा कट्टे व्हायचे
आणि त्यावर लेबलं चिकटवायला यायच्या
याच बायांच्या पोरी, शेकड्याच्या दरानं.
म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं असं काही नाही.
बोटांना खळ घेऊन पोरी घरी जायच्या,
आया त्यांना हात धुवायला लावून जेवायला वाढायच्या.

एका शनिवारी बेनाडीची कलव्वा म्हणाली,
आवाज न चढवता, शेजारी मीठ मागावं तशी,
"छाट हाय न्हवं? मग मोडा की माज्या म्होरं.
चुरा करा. मी काय म्हणत न्हाई."

सव्वीस बाया होत्या शेडमध्ये.
मालक लग्नाला गेलेले, सदलग्याला.
खुर्चीवर त्यांचा नुसता टॉवेल होता
आणि आम्ही सगळे त्या टॉवेलाकडं बघत होतो.

भ्यायलेला माणूस हलतो तरी.
तिथं जो तो हिशोब करत होता.
जैतुनबीला सोमवारी कोवळं पान हवं होतं.
मल्लव्वाची उचल फिटायची होती.
म्हातारी अंबूताई पीएफच्या कागदासाठी थांबलेली,
कागद कन्नडात, सही मालकांची.
माझ्या पोरीची फी, चिक्कोडीच्या कॉलेजात.
सत्तावीस लहान लहान गणितं,
एकेक तपासलं तर बरोबर,
आणि बेरीज करायला कुणी बसलं नाही.

मूठ माझीच होती, विड्या मुठीतच होत्या.
दाबली असती तरी झालं असतं.
"अर्ज करा," म्हणालो, "कन्नडात लिहून. वर पाठवू."
कन्नड तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं.
ती हसली ते त्यालाच असणार.

सोमवारी तिला फाटकं पान गेलं.
मालकांनी सांगितलेलं नव्हतं. तेही मीच.
जैतुनबीनं पदराआडून मूठभर चांगलं पान
तिच्या सुपात टाकलं
आणि मान वर न करता कात्री चालवत राहिली.
मी बघितलं, वहीत लिहिलं नाही.
माझ्या खात्यावर शौर्य म्हणून एवढंच जमा आहे.

पुढं पुढं कट्ट्यात पंचविसाच्या जागी
चोवीस निघायला लागल्या.
मालकांना कळलं. ते बोलले नाहीत.
आम्हाला कळलं की त्यांना कळलंय.
असं वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं,
एकमेकांच्या खिशात हात घालून.

रद्दीच्या पेपरात पान गुंडाळून यायचं.
त्यात कुठल्या कुठल्या देशांतले चौक भरलेले असायचे,
कुणी राज्यकर्ता रातोरात पळालेला असायचा.
मी पान बाजूला करून ते वाचायचो.
वाटायचं, तिथं पहिल्यांदा कुणी उठून
खुर्चीवरचा टॉवेल उचलला असेल?
आणि उचलून कुठं ठेवला असेल?
ते कधी छापून यायचं नाही.

आता शेड नाही. तिथं मोबाईलचं दुकान आहे.
परवा कोगनोळी फाट्यावर कलव्वा भेटली,
काठी टेकत, तोंडात दात नाहीत.
"चेकर, वळख हाय का?"
कनवटीची विडी काढून तिनं पुढं केली.
"वढा. छाटीतली हाय."

हायवेचा वारा होता.
एका काडीत पेटली,
दोऱ्यापर्यंत सरळ जळत आली,
मधे एकदाही विझली नाही.